तुटलेला पूल आणि रानातील राक्षस
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



महाविद्यालयातील चार-पाच विद्यार्थी सुटी लागताच एक जुनी मोटार घेऊन सहलीला निघतात. वस्ती मागे पडते, पक्का रस्ता संपतो आणि रानातल्या एखाद्या ओसाड घरापाशी त्यांचा मुक्काम पडतो. संध्याकाळी हसणेखिदळणे चालू असते. पण रात्र होताच काही तरी बिनसते. मोटार सुरू होत नाही, मागचा पूल कोसळलेला असतो आणि बाहेरच्या अंधारात कोणी तरी वावरत आहे, अशी सर्वांची खात्री होऊ लागते. पहाट होते तेव्हा त्यांतला एखादाच जिवंत उरलेला असतो आणि त्याचेही पुढे बरे होईलच, असा भरवसा प्रेक्षकाला देता येत नाही.

ही गोष्ट अमेरिकन चित्रसृष्टीने गेल्या साठ-सत्तर वर्षांत इतक्या वेळा सांगितली आहे, की तिचे कथानक सांगण्यात आता कसलेही रहस्यभेदाचे पाप नाही. टीकाकार या चित्रपटांकडे नाक मुरडून पाहतात. वडीलधाऱ्यांना ते आवडत नाहीत. आणि तरीही प्रत्येक नव्या पिढीतील तरुण मंडळी स्वतःच्या खिशातले पैसे खर्चून ते पाहावयास जातात. इतकेच नव्हे, तर त्यांतली काही पदरमोड करून असले चित्रपट स्वतः तयार करतात. ज्या गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक आहे, तिने माणूस का भ्यावा? हाती पैसा नसलेल्या मुलांनी केलेले काही भयपट लक्षावधी खर्चून केलेल्या चित्रपटांपेक्षा अधिक काळ का टिकले? आणि त्यांतले स्वीकारावे काय, टाकावे काय? या तीन प्रश्नांविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

भयाचा विचार आपल्याकडे नवा नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले, त्यांत भयानक आणि बीभत्स असे दोन स्वतंत्र रस आहेत. भयानकाचा स्थायीभाव भय. बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. हा भेद आपण लक्षात ठेवू. पुढे तो उपयोगी पडणार आहे. भयानक रसाचे विभाव, म्हणजे भय उत्पन्न करणारी कारणे सांगताना भरतांनी विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्ह्याची कोल्हेकुई, घुबडाचा घूत्कार, ओसाड घर आणि अरण्यातील संचार यांचा निर्देश केला आहे. ओसाड घर, अरण्य, विकृत आवाज! अमेरिकेतल्या ज्या पोरांनी भरताचे नावही ऐकले नव्हते, त्यांनी हीच सामग्री नेमकी उचलली. मनुष्याच्या भीतीची मुळे देशपरत्वे फारशी बदलत नाहीत, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आता या चित्रप्रकाराचा जन्म पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पोहोचली आणि प्रौढ माणसे संध्याकाळी घरीच बसू लागली. चित्रपटगृहांत जावयास उरली ती तेरा ते एकोणीस वर्षांची मुले. त्यांच्या हाती थोडे पैसे होते, बापाची मोटार होती, आणि मोटारीत बसूनच चित्रपट पाहण्याची सोय असलेली उघड्यावरची चित्रपटगृहे गावोगाव झाली होती. हा प्रेक्षक ओळखून अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्ससारख्या लहान संस्थांनी थोड्या भांडवलात, थोड्या दिवसांत चित्रपट काढण्याचा सपाटा लावला. 1957 साली या संस्थेने प्रदर्शित केलेला ‘आय वॉज अ टीनएज वेअरवुल्फ’ हा शाळकरी मुलाचा लांडगा होण्याची कथा सांगणारा चित्रपट चांगलाच चालला.

पुढच्याच वर्षी, 1958 साली, ‘द ब्लॉब’ आला. आकाशातून पडलेल्या उल्केतून एक लिबलिबीत गोळा बाहेर पडतो आणि माणसे गिळत गिळत फुगत जातो, अशी त्याची गोष्ट. तो गोळा आज पाहिला तर हसू येते. परंतु त्या चित्रपटाचे मर्म गोळ्यात नाहीच. मर्म यात आहे, की तो गोळा दिसतो तो तरुणांना, आणि ते जेव्हा जीव तोडून सांगू लागतात, तेव्हा पोलीस आणि गावातील थोर मंडळी म्हणतात, ही कार्टी काही तरी खोडी काढीत आहेत! ‘मी खरे सांगतो आहे आणि माझे कोणी ऐकत नाही’ ही वेदना त्या वयातील प्रत्येक मुलाच्या परिचयाची असते. शेवटी त्या गोळ्याला थंडी सोसत नाही असे कळते, आणि शाळेतील आग विझविण्याची यंत्रे मिळावीत म्हणून मुख्याध्यापक स्वतःच्या हाताने शाळेची काच फोडतात. तो प्रसंग मला या साऱ्या प्रकारातील सर्वांत सुंदर प्रसंग वाटतो. वडील माणसांनी मुलांवर विश्वास ठेवला, एवढ्यानेच गाव वाचले.

पण पुढच्या चित्रपटांतून हे वडील माणसांचे साहाय्य नाहीसे झाले. विद्यार्थी गावातून रानात गेले आणि तेथे त्यांना वाचविणारे कोणी उरले नाही. या वळणावर एक विलक्षण चित्रपट उभा आहे. त्याचे नाव ‘इक्विनॉक्स’, म्हणजे विषुवदिन.

कॅलिफोर्नियात डेनिस म्यूरेन नावाचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी होता. ‘किंग काँग’ आणि ‘सिंदबादची सातवी सफर’ अशा चित्रपटांतील अजस्र प्राणी पाहून त्याला वेड लागले होते. त्याने आपल्यासारखेच वेडे मित्र जमविले आणि सुमारे साडेसहा हजार डॉलर एवढ्या रकमेत 1967 पर्यंत एक चित्रपट पुरा केला. कथा साधी. दोन तरुण आणि दोन तरुणी आपल्या प्राध्यापकांना भेटण्यासाठी डोंगरातील दरीत जातात. प्राध्यापकांचे घर मोडून पडलेले असते. एका गुहेत त्यांना एक जुनाट ग्रंथ मिळतो, आणि त्या ग्रंथाच्या मागोमाग एकेक राक्षस प्रकट होऊ लागतो.

हे राक्षस कसे निर्माण केले, ते ऐकण्यासारखे आहे. हातभर उंचीही नसलेली बाहुली करावयाची. तिच्या आत सांधे असलेला सांगाडा बसवावयाचा. ती कॅमेऱ्यासमोर ठेवून एक चित्र घ्यावयाचे. मग तिचा हात केसभर हलवावयाचा आणि दुसरे चित्र घ्यावयाचे. पडद्यावर दर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. म्हणजे राक्षसाने एक पाऊल टाकावे, एवढ्यासाठी दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. डेव्हिड ॲलन आणि जिम डॅनफोर्थ हे म्यूरेनचे सहकारी या कामात निष्णात होते. या मुलांपाशी पैसा नव्हता. वेळ मात्र होता, आणि कंटाळा नव्हता. कोणत्याही कलेत ही शिल्लक काही लहान नव्हे.

‘द ब्लॉब’चे निर्माते जॅक हॅरिस यांनी हा चित्रपट विकत घेतला, दुसऱ्या दिग्दर्शकाकडून त्यात नवे प्रसंग घालविले आणि 1970 साली तो प्रदर्शित केला. श्रेयनामावलीत म्यूरेन याचे नाव दिग्दर्शक म्हणून नव्हे, तर सहनिर्माता म्हणून झळकले. त्याने मात्र हात सोडले नाहीत. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’पासून 1993 च्या ‘ज्युरासिक पार्क’पर्यंत पडद्यावरील अद्भुत दृश्यांच्या इतिहासात त्याचे नाव वारंवार येते, त्या कामासाठी त्याला अनेक ऑस्कर पारितोषिके मिळाली. ज्या बाहुल्यांना लोक हसले, त्या बाहुल्यांतून हा कारागीर घडला.

यानंतर दहा वर्षांनी, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मिशिगन राज्यात हीच ज्योत पुन्हा पेटली. सॅम राइमी आणि ब्रूस कॅम्बेल हे दोघे शाळासोबती. लहानपणापासून घरगुती कॅमेऱ्यावर विनोदी चित्रपट करण्याचा त्यांना छंद. पुढे रॉबर्ट टॅपर्ट हा तिसरा मित्र मिळाला. भयपट थोड्या पैशांत होतो आणि चालतो, हे त्यांनी पाहिले. परंतु त्या थोड्या पैशांचीही वानवा होती. तेव्हा 1978 साली त्यांनी सुमारे सोळाशे डॉलरांत एक अर्ध्या तासाचा नमुना तयार केला आणि तो घेऊन ते दारोदार हिंडले. दंतवैद्य, वकील, व्यापारी, नातलग, जो कोणी दार उघडील, त्याला तो दाखवावयाचा आणि भांडवल मागावयाचे. आपल्याकडे एके काळी नाटक मंडळ्या उभ्या राहत त्याच मार्गाने हा चित्रपट उभा राहिला. एकूण खर्च झाला सुमारे पावणेचार लाख डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ समजावी.

1979 च्या नोव्हेंबरात ही तरुण मंडळी टेनेसी राज्यातील मॉरिसटाउनजवळच्या रानात गेली. राइमी तेव्हा अवघा वीस वर्षांचा. तेथे एक पडकी लाकडी झोपडी मिळाली. तिच्यात पाण्याची सोय नव्हती आणि जनावरांचे शेण पसरलेले होते. ते साफ करून यांनी काम आरंभले. थंडी हाडे गोठविणारी. साखरेच्या पाकाचे केलेले खोटे रक्त नटांच्या अंगाला चिकटून वाळे. राक्षसी डोळे दिसावेत म्हणून डोळ्यांत जी जाड भिंगे घालीत, ती थोडा वेळच ठेवता येत आणि ती घातली म्हणजे नटाला पुढचे दिसत नसे. ठरलेली मुदत उलटली आणि बहुतेक नट घरी निघून गेले. तेव्हा उरलेल्या मंडळींनीच त्यांचे कपडे चढवून पाठमोरे उभे राहून चित्रण पुरे केले. रानात अडकलेल्या पाच विद्यार्थ्यांची गोष्ट सांगावयास गेलेले हे विद्यार्थी खरोखरीच रानात अडकले होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

हा चित्रपट 15 ऑक्टोबर 1981 रोजी डेट्रॉइटच्या रेडफर्ड चित्रपटगृहात प्रथम दाखविला गेला आणि पुढे ‘द ईव्हिल डेड’ या नावाने जगभर गेला. 1982 मध्ये कान येथे तो पाहून स्टीफन किंग या विख्यात भयकथालेखकाने त्याची मुक्तकंठाने स्तुती केली आणि त्या स्तुतीने त्याचे भाग्य उजळले.

त्याचेही कथानक ‘इक्विनॉक्स’च्याच जातीचे. पाच विद्यार्थी झोपडीत येतात. तळघरात एका संशोधकाचे ध्वनिमुद्रण यंत्र आणि एक भयंकर ग्रंथ सापडतो. यंत्र सुरू करताच त्या संशोधकाच्या आवाजात मंत्र ऐकू येतात आणि रानातील सुप्त शक्ती जागी होते. येथे मला एक गोष्ट विशेष वाटते. हे विद्यार्थी काही पाप करीत नाहीत. त्यांचा अपराध असलाच तर तो कुतूहलाचा आहे. ग्रंथ उघडला, यंत्र सुरू केले. विद्यार्थ्याने दुसरे काय करावयाचे असते? आपल्या वडिलांच्या पिढीने खणून काढलेले आणि अर्धवट टाकून दिलेले काही तरी या मुलांच्या वाट्याला येते, आणि त्याची किंमत मोजावी लागते ती त्यांना. अण्वस्त्रांच्या छायेत वाढलेल्या पिढीला ही गोष्ट आपलीशी वाटली असेल, तर नवल नाही.

आता भय कसे निर्माण केले, ते पाहा. रानातील ती शक्ती या चित्रपटात स्वतःच्या रूपाने दिसतच नाही. दिसते ते तिच्या डोळ्यांना दिसणारे रान. जमिनीलगत काही तरी वेगाने धावत येत आहे, झाडे बाजूला होत आहेत, दार फुटत आहे, आणि ते धावणारे म्हणजे जणू आपणच आहोत! असले दृश्य घेण्यासाठी लागणारी मौल्यवान उपकरणे यांच्यापाशी नव्हती. त्यांनी एक लांब लाकडी फळी घेतली, मधोमध कॅमेरा बसविला आणि दोन्ही टोके धरून दोघे जण रानातून धावत सुटले. फळी लांब असल्याने मधल्या कॅमेऱ्याला धक्के कमी बसले, आणि जे थोडे बसले त्यांनी भीतीत भरच घातली. त्याच्या जोडीला कुजबुज, घरघर आणि वाऱ्याचा विचित्र घोष. भरतांनी विकृत आवाजाचा निर्देश का केला असेल, हे या ठिकाणी पटते. आपण नभोवाणीची मंडळी तर हे चांगलेच जाणतो. जे दिसत नाही आणि ऐकू मात्र येते, त्याचे चित्र श्रोता स्वतःच्या मनात रंगवितो, आणि त्याच्या मनाइतका कुशल चित्रकार कोणत्याही निर्मात्याला भाड्याने मिळत नाही.

भयाचे दुसरे साधन म्हणजे तो तुटलेला पूल. दोघे जण मोटारीने पळून जाऊ पाहतात, तेव्हा पुलाचे लोखंड वाकून एखाद्या अक्राळविक्राळ पंजासारखे वर आलेले दिसते. राक्षस तर पुढे येतातच; परंतु माझ्या मते खरे भय येथे आहे. संकट येणे ही एक गोष्ट आणि संकटात हाक मारली तर ऐकावयास कोणी नसणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीने माणूस घाबरतो; दुसरीने तो खचतो. या सर्व चित्रपटांतील राक्षस बदलत गेले, पूल मात्र प्रत्येकात कोणत्या ना कोणत्या रूपाने तुटलेलाच आहे.

या तत्त्वाचा शेवटचा टप्पा 1999 सालच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या चित्रपटात गाठला गेला. चित्रपटकलेचे तीन विद्यार्थी मेरीलँड राज्यातील एका जंगलात तेथल्या चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करावयास जातात आणि नाहीसे होतात. आपण पाहतो तो त्यांच्या मागे सापडलेला चित्रफितींचा गठ्ठा, अशी कल्पना. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन दिग्दर्शकांनी 1997 च्या ऑक्टोबरात अवघ्या आठ दिवसांत त्याचे मुख्य चित्रण पुरे केले. कॅमेरे नटांच्याच हाती दिले. दररोज कोठे जावयाचे आणि काय करावयाचे, याच्या चिठ्ठ्या रानात ठेवल्या. संवाद त्यांचे त्यांनी रचावयाचे. दिवसागणिक त्यांचे खाणे कमी करीत नेले आणि रात्री तंबूबाहेर आवाज केले. पडद्यावर जो थकवा आणि चिडचिड दिसते, त्यातला बराच भाग अभिनयाचा नव्हे.

या चित्रपटात चेटकीण दिसत नाही. अखेरपर्यंत दिसत नाही. दिसतात ती काटक्यांची बांधलेली बाहुली, तंबूभोवती रचलेले दगड आणि एक प्रसंग, जो कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कोणत्याही वृद्ध माणसाला तत्काळ ओळखता येईल. नकाशा हरवलेला आहे. तिघेही दिवसभर होकायंत्राच्या आधारे दक्षिणेकडे चालतात आणि संध्याकाळी पाहतात, तर सकाळचाच तो ओढा आणि ओढ्यावरचा तोच आडवा ओंडका! आपल्याकडे याला चकवा म्हणतात. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि उजाडल्यावर पाहतो, तर एकाच झाडाभोवती त्याच्या पावलांचे रिंगण झालेले. अशा वेळी घाबरून धावू नये, उजाडेपर्यंत एका जागी बसून राहावे, असे वडीलधारी माणसे सांगत. त्या तीन विद्यार्थ्यांना हे सांगणारे कोणी नव्हते. ते धावत राहिले, एकमेकांना दोष देत राहिले, आणि चेटकिणीच्या आधी त्यांच्या मैत्रीचाच बळी गेला.

आपल्या देशातही या मार्गाने गेलेली माणसे आहेत. रामसे बंधूंचे घराणे मूळचे कराचीतले. वडिलांचे रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि चित्रपटव्यवसायात उतरले. 1970 साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट पडला. परंतु त्यातील पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरी करतात तेवढ्या एका प्रसंगाला प्रेक्षक हटकून दाद देत आहेत, हे मुलांनी हेरले. मग सात भावांनी कामे वाटून घेतली. कोणी दिग्दर्शन, कोणी छायालेखन, कोणी ध्वनिमुद्रण सांभाळले; आणि सारा कुटुंबकबिला घेऊन ते महाबळेश्वरी गेले. तेथे सुमारे साडेतीन लाख रुपयांत तयार झालेला ‘दो गज जमीन के नीचे’ 1972 साली पडद्यावर आला आणि हिंदी भयपटाची एक वाटच त्याने पाडली. त्यात विद्यार्थी नाहीत. पण थोडके भांडवल, एकांतातील घर आणि पुरून उरलेला मृतात्मा ही सामग्री तीच.

येथवर मी या चित्रपटांची बाजू मांडली. आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे.

भयानक आणि बीभत्स यांतील जो भेद आरंभी सांगितला, तो यांतल्या पुष्कळ चित्रपटांना पेलत नाही. भय निर्माण करण्याचे कसब संपले, की ते रक्ताच्या चिळकांड्या उडवू लागतात. प्रेक्षक अंग आक्रसून घेतो आणि निर्मात्याला वाटते, तो भ्याला! वास्तविक त्याला किळस आलेली असते. ‘द ईव्हिल डेड’चा उत्तरार्ध या दोषापासून मुक्त नाही. ब्रिटनमध्ये त्याच्यावरून मोठा गदारोळ झाला आणि घरोघर जाणाऱ्या चित्रफितींवर नियंत्रण घालणारा कायदा 1984 साली तेथे झाला, त्या चळवळीत या चित्रपटाचे नाव अग्रभागी होते. सरसकट बंदी हा उपाय मला मान्य नाही. परंतु त्यात रानातील झाडे एका तरुणीवर अत्याचार करतात असे जे दृश्य आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. स्त्रीची विटंबना हे भयाचे साधन नव्हे. ते कल्पनेचे दारिद्र्य होय. पैशाचे दारिद्र्य कलेला कधी कधी उपकारक ठरते. या दुसऱ्या दारिद्र्याला मात्र तसा कोणताही गुण नाही.

दुसरा दोष हिशेबाचा आहे. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ काही हजार डॉलरांत चित्रित झाला आणि जगभरातून सुमारे पंचवीस कोटी डॉलरांचे उत्पन्न त्याने मिळविले. ज्या तीन नटांनी स्वतः कॅमेरे धरले, स्वतः संवाद रचले, रानात उपाशी दिवस काढले, त्यांचीच खरी नावे त्यात पात्रांना दिली होती. आणि ती माणसे खरोखरच नाहीशी झाली आहेत, अशी हूल जाहिरातीसाठी उठविण्यात आली. त्यांतील तरुणीच्या आईला सांत्वनाचे निरोप आले! एवढ्या यशातून त्यांच्या पदरी मात्र अल्पसाच वाटा पडला. 2024 साली, चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर पंचवीस वर्षांनी, या तिघांना आपल्या श्रमाचा न्याय्य मोबदला जाहीर पत्राने मागावा लागला. पडद्यावरचा राक्षस दोन तासांत संपतो. कराराच्या कागदातला राक्षस असा पाव शतक मागे लागतो. म्यूरेनच्या चित्रपटाची श्रेयनामावली आठवा, म्हणजे ही तक्रार किती जुनी आहे, ते ध्यानात येईल.

मग या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? बेळगाव असो, पणजी असो, इंदूर असो वा बडोदे, आज आपल्या घरातील मुलांच्या हाती खिशात मावेल असा कॅमेरा आला आहे. सुटीत चार मित्र मिळून एखाद्या पडक्या वाड्यात किंवा किल्ल्यावर जातात आणि दहा मिनिटांची भुताची गोष्ट चित्रित करून आणतात. आपण ती पाहतो आणि म्हणतो, यापेक्षा अभ्यास केला असता तर! अभ्यास केलाच पाहिजे, यात वाद नाही. परंतु ती दहा मिनिटे तयार करताना त्या मुलांनी प्रकाश, ध्वनी, वेळ आणि माणसे यांची सांगड कशी घालावी याचा जो अभ्यास केला, तोही अभ्यासच असतो. त्यांना दोन गोष्टी मात्र जरूर सांगाव्यात. एक, रक्त कमी दाखवा आणि अंधार अधिक. प्रेक्षकाच्या मनावर भार टाका, तो उचलतो. दोन, चौघे मिळून काम करीत असाल तर कोणाचे श्रेय किती आणि उद्या चार पैसे आलेच तर कोणाचा वाटा किती, हे पहिल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा. मैत्री टिकविण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

आणि वडीलधाऱ्यांसाठी? त्यांना मी ‘द ब्लॉब’मधील त्या मुख्याध्यापकांची आठवण करून देईन. आपली मुले असले चित्रपट पाहतात ती केवळ उनाडपणाने, असे समजू नये. सोळा ते वीस वर्षांचे वय हे खरोखरच रानातल्या त्या झोपडीसारखे असते. मागचा पूल तुटलेला असतो, कारण बालपणात परत जाता येत नाही. पुढची वाट काळोखात असते. परीक्षा, नोकरी, एकटेपणा, अपयश, अशा कितीतरी गोष्टी बाहेर दबा धरून बसलेल्या असतात आणि त्यांना नाव देता येत नाही. मग मुले त्या निनावी भीतीला पडद्यावर राक्षसाचे रूप देतात, मित्रांच्या सोबतीने तिला पाहतात, किंचाळतात, हसतात आणि थोडी मोकळी होऊन घरी येतात. अशा वेळी ‘काय हा फालतूपणा!’ असे म्हणून दार लावून घेण्याऐवजी, ‘त्यात तुला भीती कशाची वाटली?’ एवढेच विचारावे. मूल कदाचित राक्षसाविषयी बोलू लागेल आणि बोलता बोलता भलत्याच एखाद्या गोष्टीविषयी सांगून जाईल. तेव्हा ती खोडी समजू नये. ऐकून घ्यावे, आणि वेळ पडल्यास शाळेची काच फोडावयासही मागेपुढे पाहू नये.